आप्त कोणास म्हणावें? नुकत्याच वाचलेल्या सात पुस्तकांविषयीं

पुस्तकाविषयीं खरें मत देणें हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. नांवाजलेल्या ग्रंथाची स्तुति करावी तर ती बहुधा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली असते. निंदा करावी तर ती ग्रंथाची नसून ग्रंथकाराच्या जातीची, पक्षाची किंवा चालीरीतींची असते. सुशिक्षित घरांतून देखील "फार छान पुस्तक आहे" आणि "असलीं पुस्तकें घरांत कशाला?" ह्या दोन वाक्यांच्या पलीकडे चर्चा सहसा जात नाहीं. पहिल्या वाक्यानें पुस्तक कपाटांत बंद होतें, दुसऱ्यानें तें दाराबाहेर राहतें. वाचलें कोणत्याच वाक्यानें जात नाहीं.

आम्हीं सारें आयुष्य शाळेंत संस्कृत व मराठी शिकविण्यांत घालविलें, आणि आतां मुलासुनांसह गोवंडीस राहतों. हातीं वेळ आहे, डोळे अजून साथ देतात, आणि घरांत तीन पिढ्या असल्यामुळें पुस्तकें तिन्ही बाजूंनीं येतात. गेल्या सहा महिन्यांत वाचलेल्यांपैकीं सात निवडून त्यांविषयीं जें वाटलें तें येथें आडपडदा न ठेवतां सांगतों. त्यांत जुनीं आहेत, नवींही आहेत. प्रवासवर्णन, आत्मचरित्र, निबंध, विनोद, कादंबरी असे नाना प्रकार आहेत. परंतु सर्वांना कसोटी एकच लावली आहे.

ती कसोटी आमची नव्हे. न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं आहेत. त्यांतील शब्द म्हणजे आप्ताचें वचन. मराठींत आप्त म्हणजे नातलग असा अर्थ आपण करतों. शास्त्रांत तो अर्थ नाहीं. गौतमाच्या सूत्रांवर भाष्य करणारे वात्स्यायन जें सांगतात त्याचा मथितार्थ असा: ज्यानें ती वस्तु स्वतः नीट जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास कळावी ह्या इच्छेनें जो बोलतो, तो आप्त. पुढें ते आणखी एक गोष्ट जोडतात, आणि ती आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाहीं. हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेंच्छ ह्या तिघांनाही सारखेंच लागू पडतें, असें ते स्पष्ट म्हणतात. सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींच्या भाष्यकारानें घालून दिलेली ही कसोटी आजच्या पुस्तकांना लावून पाहण्यास कोणाची हरकत नसावी.

प्रवासवर्णनापासून आरंभ करतों. वरसईचे विष्णुभट गोडसे ह्यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ अनेकांच्या घरीं असतो, पण तो शेवटपर्यंत वाचलेले थोडे. १८५७ सालीं बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असें ऐकून, दक्षिणा मिळेल आणि घरचें कर्ज फिटेल ह्या आशेनें हे भटजी आपल्या काकांबरोबर निघाले, आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. झांशीचा वेढा, इंग्रज फौज शहरांत शिरल्यावर झालेली कत्तल व लूट, काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशीं झालेली राणीची गांठ, हें सारें ते स्वतः पाहिलेलें सांगतात. भिक्षुकाला शौर्याचा आव आणावयाचा नव्हता. जेथें भीति वाटली तेथें भीति वाटली असेंच ते लिहितात. मिळालेल्या पैशाचा आणि लुटल्या गेलेल्या पैशाचाही हिशेब देतात. अखेर हातीं उरलें तें गंगेचें पाणी. तें कावडीनें घरीं आणून त्यांनीं आईबापांस स्नान घातलें. हा प्रसंग वाचतांना आमचा कंठ दाटून आला.

परंतु ज्या ठिकाणीं भटजी नव्हते तेथील हकीकतीही ते तितक्याच खात्रीनें सांगतात. त्या छावण्यांतून आणि धर्मशाळांतून कानीं पडलेल्या आहेत, आणि इतिहास म्हणून त्यांवर भिस्त ठेवतां येत नाहीं. तेव्हां हें पुस्तक वाचतांना समासांत 'पाहिलें' व 'ऐकलें' अशा दोन खुणा करीत जावें, म्हणजे एकाच लेखकाचें एक पान आप्तवाक्य आणि दुसरें पान बाजारगप्पा कशी असूं शकते हें मुलांनाही समजेल. दुसरी सूचना अशी कीं, चिंतामण विनायक वैद्य ह्यांनीं १९०७ सालीं लेखकाच्या पश्चात् हा ग्रंथ प्रथम छापला तेव्हां त्याच्या भाषेवर बराच हात फिरविला होता. दत्तो वामन पोतदार ह्यांनीं १९६६ सालीं मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ति मिळाली तर तीच घ्यावी. भटजींची बोली भटजींच्याच तोंडीं शोभते.

लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३७ ह्या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं. आम्हीं तीं पूर्वीं दोनदां वाचलीं होतीं, ह्या वेळीं तिसऱ्यांदा. शाळेचें तोंड न पाहिलेल्या बाईनें लिहिलेलें हें गद्य मराठींतील उत्तम गद्यांत मोडतें, ह्याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. शाळांतून निबंध लिहावयास शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांनीं तें विनयानें वाचावें. वडिलांना जडलेलें सोंवळ्याचें वेड, वाणसामानदेखील धुऊन घेण्याची त्यांची रीत, आणि त्यापायीं घरच्या बायकामुलांचे झालेले हाल त्या हंसत हंसत सांगतात. पण तें हंसूं वडिलांविषयींच्या द्वेषाचें नाहीं. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हां ह्या बाईवर जें कोसळलें तें वाचतांना कोणत्याही घरच्या माणसाचें मन कळवळेल. त्या स्वतः पांच वर्षांनीं, १९०० सालीं, त्या धर्मांत गेल्या. मधल्या काळांत पतीजवळ राहावयास गेल्यावरही वेगळें पाणी, वेगळी चूल त्यांनीं कशी सांभाळली, आणि पुढें आपल्याच विचारानें तें सारें कसें सोडलें, हें वर्णन ह्या ग्रंथाचा गाभा आहे.

आमच्या पिढीच्या कांहीं घरांतून हें पुस्तक 'धर्मांतराचें' म्हणून दूर ठेवीत. आमचें मत असें कीं, धर्मांतराचा प्रचार करणाऱ्या माणसाचा सूर ह्यांत ऐकूं येत नाहीं. आपल्या मनांत काय झालें एवढेंच ती बाई सांगते. एक उणें सांगितलें पाहिजे. शेवटच्या भागांत पूर्वींचा वेग व रंग राहत नाहीं. लक्ष्मीबाई १९३६ सालीं वारल्या आणि अखेरचें काम त्यांच्या चिरंजीवांनीं पुरें केलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें कारण कळतें.

इरावती कर्वे ह्यांचा 'युगान्त' १९६७ सालीं निघाला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली. तिच्या आधारें भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण ह्यांकडे माणसें म्हणून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. ज्यांनीं महाभारत हरदासांच्या तोंडून ऐकलें आहे त्यांना पहिल्या पन्नास पानांत धक्के बसतात. खांडववनाच्या दाहाचें एरवीं कौतुकानें सांगितलें जाणारें आख्यान बाईंनीं जळणाऱ्या प्राण्यांच्या व नागांच्या बाजूनें वाचलें आहे. मूळ पर्व पुन्हा काढून आम्हीं ताडून पाहिलें. त्यांचें वाचन श्लोकांना सोडून नाहीं.

जेथें पटलें नाहीं तेंही सांगतों. विदुर हाच धर्मराजाचा जनक असावा कीं काय, ह्या त्यांच्या तर्कास आम्हांस पुरेसा आधार दिसत नाहीं. दोघांचा धर्माशीं संबंध आहे आणि अंतकाळीं विदुर युधिष्ठिरांत विलीन होतो, एवढ्यावरून पितृत्व सिद्ध होत नाहीं. हें अनुमान व्याप्तीवांचून केलेलें आहे. आमच्या सूनबाईंचें म्हणणें असें कीं, बाईंनीं तो प्रश्न म्हणूनच मांडला आहे, निर्णय म्हणून नव्हे. ह्या मुद्द्यावर आमच्याकडे दोन रात्रीं वाद झाला आणि भात निवाला. ह्याच ग्रंथांत द्रौपदीच्या अखेरच्या क्षणांचें जें चित्र आहे तें आपल्या कल्पनेचें आहे, ग्रंथांतील नव्हे, असें बाई आधींच बजावतात. आधार कोठें संपला आणि कल्पना कोठें सुरू झाली हें वाचकास सांगणें ही लेखकाची सचोटी होय. पौराणिक व्यक्तींवर आज जाडजूड कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनीं एवढें एक पथ्य पाळलें तरी पुष्कळ होईल.

आतां कोणी म्हणेल कीं, ही कसोटी विनोदाला आणि कादंबरीला कशी लागावी? तेथें तर सारेंच कल्पित. आमचें उत्तर असें कीं, घटना कल्पित असल्या तरी त्यांतील माणसें, भूक, भांडणें व भाषा जाणलेलीं असावीं लागतात. तीं कल्पून भागत नाहीं.

ह्याचा दाखला चिं. वि. जोशी ह्यांचें 'चिमणरावाचें चऱ्हाट'. १९३३ सालचें हें पुस्तक आमच्या घरीं नातवानें आजारपणांत मागितलें म्हणून कपाटांतून निघालें. लेखक बडोद्यास पाली भाषेचे अध्यापक. पण लिहिलें मध्यमस्थितींतल्या पुणेरी कारकुनाच्या कुटुंबाविषयीं. चिमणराव आपल्या फजित्या गंभीर चेहऱ्यानें सांगतो, गुंड्याभाऊ प्रत्येक संकटांत दंड थोपटून उभा राहतो, आणि घरांतील थोरल्या बाईपुढें दोघांचेंही कांहीं चालत नाहीं. एकत्र कुटुंबांत राहिलेल्यास हें पान-पान ओळखीचें वाटतें. मात्र कांहीं विनोद आतां शिळा झाला आहे. माणसांच्या रूपावरून आणि लग्नाच्या बाजारांतील मुलींवरून केलेल्या कोट्यांवर नातू हंसला नाहीं, आणि तो हंसला नाहीं ह्याचें आम्हांस बरें वाटलें. तरीही घरांत मोठ्यानें वाचण्यास ह्याहून चांगलें पुस्तक सुचत नाहीं.

अण्णाभाऊ साठे ह्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ सालीं प्रसिद्ध झाली आणि १९६१ सालीं तिला राज्य शासनाचें पारितोषिक मिळालें. दीड दिवसांत शाळा सुटलेला हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरांत, म्हणजे आमच्यापासून थोड्याच अंतरावर, झोंपडींत राहून लिहीत होता. कथा त्यांच्या वाटेगांवची: दुष्काळांत उपाशी माणसांसाठीं धान्य लुटणारा, इंग्रजी अमलाला न जुमानणारा मांग वीर फकिरा. आरंभीं फकिराचा बाप राणोजी शेजारच्या गांवची जोगणी आणतांना प्राणास मुकतो तो भाग अतिशय उत्तम आहे. गांवची जत्रा, मानपान, सूड आणि इमान ह्यांचें असें चित्रण, तें अंगणांत वाढलेल्याच्याच हातून व्हावें. प्रांजळपणें सांगावयाचें तर उत्तरार्ध आम्हांस उणा वाटला. फकिराच्या अंगीं दोष म्हणून लेखक ठेवीतच नाहीं. एका धाडीमागून दुसरी धाड घाईनें येते. आणि शत्रुपक्षाचीं माणसें ओळखीचीं होण्याआधींच नाहींशीं होतात. लेखकाचें आपल्या नायकावर इतकें प्रेम आहे कीं, त्याला तो जवळून पाहूं देत नाहीं. तरी दुष्काळाचीं पानें वाचल्यावर पानांत टाकलेलें अन्न मोजलें जातें, आणि हें काम थोड्या कादंबऱ्यांना साधतें.

सहावें पुस्तक बेबी कांबळे ह्यांचें 'जिणं आमुचं'. हें 'स्त्री' मासिकांत १९८२ सालीं क्रमशः येऊं लागलें आणि १९८६ सालीं ग्रंथरूपानें निघालें. फलटणला लहानसें दुकान चालविणाऱ्या ह्या बाईंनीं आपलें लिखाण पुष्कळ वर्षें घरच्यांपासून लपवून ठेवलें होतें. आमच्या नातीनें तें ग्रंथालयांतून आणलें. दिवाणखान्यांतल्या मेजावर तें पाहून, पाहुणे म्हणून आलेल्या आमच्या एका वडीलधाऱ्या नातलगांनीं "असलीं पुस्तकें घरांत कशाला?" हें वाक्य उच्चारलेंच. नात उलट बोलली नाहीं. पुस्तक उचलून ती आंत गेली, आणि रात्रीं तें आमच्या उशाशीं आणून ठेवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही वाचा आणि मग सांगा." आम्हीं दोन बैठकींत वाचलें, आतां सांगतों.

महारवाड्यांतील भूक, उष्ट्यावर काढलेले दिवस, मरीआईचे आषाढांतील रेडे, कोंवळ्या वयांत सासरीं आलेल्या मुलींचे हाल, हें सारें बाई ज्या स्वरांत सांगतात त्यांत दयेची याचना नाहीं. वरच्या वर्णाच्या वस्तींत आपल्या लोकांना कसें वागविलें जाई तें त्या लिहितात, आणि तें वाचतांना आपल्यासारख्यांच्या माना खालीं होतात. तशा त्या झाल्याच पाहिजेत. परंतु ह्या ग्रंथाचा खरा कस आम्हांस दुसरीकडेच दिसला. आपल्याच समाजांतील पुरुषांनीं बायकांवर आणि सासवांनीं सुनांवर केलेला जुलूम बाईंनीं तितक्याच कठोरपणें मांडला आहे. शिकलेल्या, वर चढलेल्या स्वजनांनाही त्या सोडीत नाहींत. दुसऱ्याचा दोष दाखविणारे पुष्कळ असतात. आपल्या माणसांविषयीं खरें बोलण्यास निराळें धैर्य लागतें. वात्स्यायनांचें लक्षण इतकें तंतोतंत लागू पडावें असें पुस्तक ह्या सातांत दुसरें नाहीं.

त्यांच्या 'आमुचं' ह्या शब्दाविषयींही दोन शब्द. आम्ही ह्या लेखांत स्वतःस 'आम्ही' म्हणवितों ती मासिकांची जुनी रीत झाली. त्यामागें माणूस एकच आहे. बेबीताईंच्या 'आमुचं' मध्यें सगळा महारवाडा आहे. स्वतःचें सुखदुःख वेगळें काढून सांगण्याची त्यांना फारशी गरजच वाटत नाहीं. रचनेच्या दृष्टीनें मात्र पुस्तक सैल आहे. एक गोष्ट सांगतां सांगतां दुसरी निघते, काळाचा क्रम मागेंपुढें होतो, उपदेशाचीं वाक्यें अधूनमधून येतात. संपादन अधिक कसून झालें असतें तर बरें झालें असतें. हें वाचून झाल्यावर त्या नातलगांस आम्हीं पत्र लिहून आमचें मत कळविलें. त्यांचें उत्तर अद्याप आलें नाहीं.

शेवटचें पुस्तक इंग्रजी, पण तें आमच्या गांवचें. गोवंडी स्टेशनच्या एका अंगास देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९५४ सालीं ती तेथें आली. दुसऱ्या अंगास शिवाजीनगर, बैंगनवाडी ह्या दाट वस्त्या, आणि त्यांच्या पलीकडे खाडीच्या कांठीं तीनशेंहून अधिक एकरांवर साचलेले मुंबईच्या कचऱ्याचे डोंगर. सौम्या रॉय ह्यांचें 'माउंटन टेल्स' हें २०२१ सालचें पुस्तक ह्या डोंगरांवर वेंचून पोट भरणाऱ्या माणसांविषयीं आहे. लेखिका पत्रकार, वेंचणाऱ्यांना लहानलहान कर्जें देणाऱ्या एका संस्थेच्या कामानिमित्त त्यांचा ह्या वस्तींत प्रवेश झाला आणि पुढें अनेक वर्षें त्या तेथें जात राहिल्या. १८९६ च्या प्लेगनंतर शहरांतला कचरा दूर नेऊन टाकण्याची जी निकड भासली तेथपर्यंत त्या मागें जातात, आणि २०१६ च्या आगीनंतर पहारे वाढले तेव्हां वेंचणाऱ्यांची मिळकत कशी आटली हेंही दाखवितात.

त्या वर्षाच्या जानेवारींत ह्या डोंगरांना लागलेल्या आगीचा धूर मुंबईवर पसरला होता. उपग्रहाच्या छायाचित्रांतूनही तो दिसला. आमच्या भागांत तर खिडक्या लावून बसावें लागे. परंतु धूर घरांत येणें निराळें आणि आगीच्या पायथ्याशीं ज्यांची रोजी आहे त्यांची हकीकत कळणें निराळें. डोंगर रोज दिसतो एवढ्यावरून शेजारी आप्त ठरत नाहीं. वर्षानुवर्षें जाऊन, बसून, विचारून लिहिणारी परकी बाई मात्र ठरते. आपण सकाळीं दाराबाहेर ठेवलेली कचऱ्याची पिशवी पुढें कोणाच्या हातीं जाते, हें ह्या पुस्तकांतून कळतें. फुटकी बाटली, तार, कापड, प्लास्टिक ह्यांचे निरनिराळे भाव आणि निरनिराळे गिऱ्हाईक आहेत. तीही एक बाजारपेठच आहे.

दोष दोन. डोंगरावरील भुताखेतांचीं व सैतानाचीं रूपकें लेखिकेस फार प्रिय आहेत. तीं वारंवार आल्यानें उत्तरार्धांत कंटाळा येतो. दुसरा दोष पुस्तकाचा म्हणण्यापेक्षां परिस्थितीचा आहे. ज्यांची ही कथा त्यांतल्या बहुतेकांना इंग्रजी वाचतां येणें कठीण. ज्याच्याविषयीं लिहिलें त्यास तें वाचून "हें असेंच आहे" किंवा "हें खोटें आहे" म्हणतां आलें पाहिजे. तोंवर साक्षीची उलटतपासणी पुरी होत नाहीं.

आतां घरगुती हिशेब. 'स्मृतिचित्रें', 'युगान्त' आणि 'जिणं आमुचं' हीं तीन विकत घेऊन संग्रहीं ठेवावींत. एकदां वाचून त्यांचें काम संपत नाहीं. 'चिमणरावाचें चऱ्हाट' मुलांच्या हातीं लागेल असें खालच्या फळीवर असावें. 'माझा प्रवास' ग्रंथालयांतून आणून वडिलांनीं मुलांसह वाचावा, वर सांगितलेल्या दोन खुणांसह. ग्रंथालयाच्या प्रतींत त्या समासांत न करतां वेगळ्या कागदावर कराव्यात. 'फकिरा' पंधरा वर्षांवरील मुलांना अवश्य द्यावी, आणि पूर्वार्ध व उत्तरार्ध ह्यांची तुलना त्यांच्याकडून लिहवून घ्यावी. 'माउंटन टेल्स' ज्यांना इंग्रजी येतें त्यांनीं वाचून जेवतांना इतरांस सांगावें.

ह्या सातांपैकीं तिघांचे लेखक जन्मानें आपल्या समाजाबाहेरचे आहेत, आणि लक्ष्मीबाईंनीं तर आपला समाज सोडला. केवळ त्या कारणानें कोणतेंही पुस्तक आम्हीं उचलून धरलें नाहीं आणि खालींही ठेवलें नाहीं. प्रत्येकाचे दोष वर नोंदविले आहेत. परंतु साक्षीदार घरचा नाहीं म्हणून त्याची साक्षच घ्यावयाची नाहीं, असें म्हणणाऱ्यास न्यायशास्त्राचा आधार मिळणार नाहीं. ज्यानें जाणलें आहे आणि जाणलें तसें सांगितलें आहे, त्याचें वचन प्रमाण. तो कोणत्या घरीं जन्मला, हा प्रश्न भाष्यकारांनीं त्या एका वाक्यांत कायमचा बाजूस ठेवला आहे. आपल्या कपाटांतील पुस्तकें त्यांच्या सांगण्याप्रमाणें एकदां नव्यानें लावून पाहावींत, एवढीच विनंति.